नानांचे शंभर ग्रॅम

विट्याहून कुठल्याही बाजूला निघालात तरी वाटेतल्या गावात निदान एक बंगला असा दिसेल, ज्याचा रंग नवा आहे आणि दाराला कुलूप आहे. मालक कोइमतूरला असतो, कोचीला असतो, कोलकात्याला असतो. गावच्या यात्रेला येतो, आठवडाभर सगळ्या खिडक्या उघडतात, अंगणात मांडव पडतो, मग पुन्हा कुलूप. सांगली जिल्ह्यातले खानापूर, आटपाडी, कडेगाव, तासगाव, कवठेमहांकाळ आणि साताऱ्यातले खटाव, माण हा सगळा पट्टा पर्जन्यछायेतला. ढग महाबळेश्वरला रिते होतात आणि आमच्याकडे नुसता वारा येतो. इथल्या माणसांनी पोटासाठी जो धंदा धरला तो गलाईचा. सोनं-चांदी गाळायची आणि शुद्ध करून द्यायची. देशात जिथे सराफी पेठ आहे, तिथल्या एखाद्या बोळात आमचा माणूस भट्टी पेटवून बसलेला सापडतोच. मी त्यांतलाच एक. गाव खानापूर तालुक्यात, आजोळ खटावात, मायणीच्या बाजूला. जिल्हे दोन, दुष्काळ एकच.

साठी उलटल्यावर मला शाळा-कॉलेजांत बोलायला बोलावू लागले. विषय ठरलेला असतो: जिद्द, मेहनत, आत्मविश्वास. फलकावर माझं नाव, त्याखाली ‘शून्यातून विश्व’. मी जातो, बोलतो, शाल घेऊन परत येतो. पण त्या ‘शून्या’बद्दल माझी तक्रार आहे आणि ती दहा मिनिटांच्या भाषणात बसत नाही, म्हणून इथे लिहितो.

1972 च्या दुष्काळात मी आठ वर्षांचा होतो. आई-वडील दोघंही दुष्काळी कामावर खडी फोडायला जात. दुपारी सुकडी मिळायची, घरी रेशनवरचा लाल मिलो. पुढे लाखो घरांना जिचा आधार झाला ती रोजगार हमीची कल्पना मांडणारे वि. स. पागे आमच्याच जिल्ह्यातले, आणि तिचा पहिला प्रयोग तासगाव भागात झाला होता, हे मला पुष्कळ उशिरा कळलं. तेव्हा कळत होतं ते इतकंच, की वडिलांच्या सहा एकरांत कुसळांखेरीज काही येत नाही आणि आम्ही चार भावंडं आहोत. स्वप्न वगैरे गोष्ट घरात कुणी बोलत नव्हतं. पण यात्रेला येणारे गलाईवाले मी बघत होतो. पांढरा शर्ट, मनगटावर घड्याळ, देवळाच्या वर्गणीत पहिला आकडा त्यांचा. मला दुकान हवं होतं. दारावर आपलं नाव, आत आपली भट्टी. यापलीकडे माझी उडी नव्हती.

1981 साली दहावी झाली आणि वडिलांचे लांबचे मावसभाऊ, आम्ही त्यांना नाना म्हणत असू, मला घेऊन निघाले. मिरजेहून मीटरगेजच्या गाडीने बंगळूर, तिथून पुढे कोइमतूर. आईने बांधून दिलेल्या भाकरी वाळून कडक झाल्या तरी गाडी पोचायचं नाव घेत नव्हती. नाना वाटेत फारसं बोलले नाहीत. एकच सांगितलं, “तमिळ येत नाही म्हणून तोंड बंद ठेवशील, त्ये बरंच हाय. पण कान बंद ठेवू नगंस.”

राजा स्ट्रीटच्या मागच्या एका बोळात दहा बाय बाराचं दुकान. खाली भट्टी, वर पोटमाळा, तिथेच आम्ही पोरं झोपायचो. पहिलं काम झाडू मारायचं. हे ऐकून कॉलेजातली मुलं हसतात, पण गलाईच्या दुकानात केर हाच माल असतो. तिथे काही फेकत नाहीत. हात धुतलेलं पाणीसुद्धा टाकीत साठवतात, वर्षाकाठी त्याचा गाळ काढतात. सोनारांच्या दुकानातली झाडण आम्ही विकत घ्यायचो. ती जाळायची, कुटायची, चाळायची, पाण्यात धुवायची. हलकं वाहून जातं, जड तळाला राहतं. तासन् तास उकिडवं बसून पाटीतलं पाणी फिरवायचं तेव्हा कुठे एखादा चिमटीभर ऐवज हाती लागायचा. माझ्या गुडघ्यांचं आजचं दुखणं तिथलं आहे.

मग मूस हाताळायला मिळाली. दागिना मुशीत टाकायचा, वर टाकणखार, मग भट्टीत. सोनं वितळायला 1064 अंश सेल्सिअस तापमान लागतं हा आकडा मी फार नंतर वाचला. नाना रंगावरून सांगत. मुशीतला रस आरशासारखा झाला की ते सांडशी मागत, त्याआधी नाही आणि त्यानंतरही नाही. मग कसोटीच्या दगडावर रेघ मारून टंच, म्हणजे शुद्धता, बघायचा. नानांचा अंदाज आणि पुढच्या शुद्धीकरणाचा हिशोब यांत केसभराचा फरक पडायचा. हे त्यांना कुणी शिकवलं असं विचारलं तर म्हणायचे, “उपाशीपणानं.” मला ते उत्तर आवडलेलं नव्हतं, अजूनही नाही. त्यांनाही कुणीतरी शिकवलंच होतं.

खरं काम तेजाबाचं. अशुद्ध सोनं सरळ तेजाबात टाकलं तर आतली भेसळ निघत नाही, सोन्याची भिंत तिला झाकून ठेवते. म्हणून आधी त्यात सोन्याच्या तिप्पट चांदी होईल इतकी चांदी मिसळायची, पुन्हा वितळवायचं आणि तो रस धार धरून पाण्यात ओतायचा. त्याचे दाणे होतात. ते दाणे नायट्रिक तेजाबात उकळायचे. तांबूस धूर उठतो, डोळे झोंबतात, घशात खवखव सुरू होते. तांबं विरघळतं, चांदी विरघळते, पाणी हिरवं-निळं होतं. सोनं तेवढं विरघळत नाही. पण तळाला राहतं ते सोन्यासारखं दिसतच नाही. ती असते तपकिरी पूड, ओल्या मातीसारखी. पहिल्यांदा बघितली तेव्हा माझे हातपाय गळाले. कुणा सोनाराचं पन्नास ग्रॅम सोनं माझ्या हातून जळून गेलं असंच वाटलं. नानांनी ती पूड गरम पाण्याने धुतली, सुकवली, मुशीत टाकली आणि थोड्या वेळाने पिवळीधमक गोळी माझ्या तळहातावर ठेवली. नंतर हिरव्या पाण्यात तांब्याची पट्टी सोडली. तिच्यावर राखाडी चिखल साचू लागला, तीच चांदी.

त्यानंतर मला त्या पुडीची भीती वाटली नाही. आत्मविश्वास म्हणतात तो मला असा मिळाला: शेजारी उभा राहून जाणत्या माणसाने करून दाखवलं आणि मग बाजूला होऊन मला करू दिलं. आरशासमोर उभं राहून ‘मी करू शकतो’ म्हणायला सांगणारे वक्ते हल्ली विट्यातही येतात. त्यांनी एकदा तेजाबाच्या भांड्याजवळ उभं राहून ते म्हणून बघावं.

तेजाबाने बोटांची कातडी पिवळी पडायची. सुट्टीला गावी आलो की बायका विचारायच्या, हळदीच्या अड्ड्यावर कामाला होतास काय रं? सांगलीची हळद सगळ्यांना ठाऊक, त्यामुळे तोच अंदाज. मीही हो म्हणायचो. आईला धुराबद्दल सांगून काय उपयोग होता?

आता त्या दुसऱ्या पोराबद्दल. माझ्याच वयाचा, आटपाडी भागातला. माझ्याच गाडीने आला होता, त्याच बोळात दुसऱ्या दुकानात राहिला. हात माझ्यापेक्षा चांगला. तमिळ त्याने माझ्या आधी उचललं. सोनारांना तिथे आसारी म्हणतात, ते आसारी त्याच्यापाशी थांबून गप्पा मारायचे. पहाटे त्याची भट्टी आमच्या आधी पेटायची. पण त्याच्या मालकाने त्याला कधी वजनकाट्याजवळ बसू दिलं नाही. वर्षाचा पगार ठरलेला, तोही उशिरा, आणि स्वतःचं काही करतो म्हटलं की उत्तर यायचं, “बघू पुढच्या दिवाळीला.” तो बरीच वर्षं पुढच्या दिवाळीला थांबला. मग दुसऱ्याच्या दुकानात, मग तिसऱ्याच्या. चाळिशीतच त्याला धाप लागायला लागली. आज गावी आहे, चावडीसमोरच्या कट्ट्यावर भेटतो. त्याला कॉलेजात कुणी बोलवत नाही. त्याची जिद्द कमी पडली असं माझ्यासमोर तरी कुणी म्हणू नये. कष्ट आम्ही दोघांनी सारखेच केले.

फरक पडला तो 1990 साली. त्याआधी सोन्याचा धंदा कायद्याच्या कचाट्यात होता. 1963 च्या सुवर्ण नियंत्रणाने 14 कॅरटच्या वरचे दागिने घडवायलाच बंदी आणली होती. ती पुढे उठली, पण 1968 चा कायदा आला आणि सामान्य माणसाला घरात सोन्याची लगडसुद्धा ठेवता येईना. परवाने, नोंदवह्या, तपासण्या. आमच्यासारख्या पोराने नवं दुकान टाकायचं म्हणजे अवघडच. 1990 मध्ये तो कायदा रद्द झाला. बोळात पेढे वाटले गेले. त्याच आठवड्यात नानांनी मला पोटमाळ्यावर बोलावलं.

इथे धंद्याची एक गोम सांगायला हवी. गलाईवाल्याला हुन्नर पुरत नाही, हाताशी सोनं लागतं. आसारी अशुद्ध सोनं घेऊन येतो, पण त्याला थांबायला वेळ नसतो, त्याच्या डोक्यावर गिऱ्हाईक असतं. आपण टंच काढायचा, त्यात शुद्ध किती निघेल ते सांगायचं आणि तेवढं शुद्ध सोनं आपल्या शिलकीतून लगेच त्याच्या हातावर ठेवायचं. गाळणं आपण नंतर करायचं. म्हणजे शिल्लक सोनं नसेल तर तुम्ही कितीही मोठे कारागीर असलात तरी दुकान उघडून नुसते बसून राहाल.

नानांनी कागदाच्या पुडीत शंभर ग्रॅम सोनं पुढे केलं. तेव्हा दहा ग्रॅमचा भाव तीन हजारांच्या वर होता. आमच्या सहा एकरांनी इतके पैसे एकगठ्ठा कधी बघितले नव्हते. “सोनं देतुया, सोनंच घेणार. भाव वर गेला का खाली, त्ये तुझं तू बघ,” ते म्हणाले. चिठ्ठी नाही, साक्षीदार नाही. व्याजाचं विचारलं तर म्हणाले, “थोरलीचा पोरगा नापास झालाय. त्याला ठिवून घे, शिकीव.” थोरली म्हणजे त्यांची बहीण. म्हणजे त्यांचाही स्वार्थ होता, आणि तो त्यांनी लपवला नाही. आमचा धंदा देशभर असाच पसरला. एकाने दुसऱ्याला नेलं, शिकवलं, वेगळं दुकान टाकून दिलं आणि त्याच्याकडे आपला एक पोरगा ठेवला. बँका आमच्या दारात फार नंतर आल्या.

दुकान झालं. दारावर नाव लागलं, तमिळमध्ये आणि खाली मराठीत. पाहुण्यांना दाखवायला बरं म्हणून मराठी, तिथे ते वाचणारं कुणी नव्हतं. पहिल्या वर्षात सोन्यापेक्षा झोप जास्त गेली. भाव चढत होता, म्हणजे नानांचे शंभर ग्रॅम मला दर महिन्याला महाग पडत होते. मिळेल त्यातून पाच ग्रॅम, दहा ग्रॅम असं करत फेडलं. बायकोचे दागिने गाळून एकदम मोकळं व्हावं असं एकदा मनात आलं होतं. तिने साफ नकार दिला. “धंदा तुमचा, गळा माझा,” म्हणाली. तिने नाही म्हटलं ते बरंच झालं. पुढे धाकट्याच्या दवाखान्याच्या वेळी तेच दागिने कामाला आले.

दागिन्यांवरून एक सांगतो. माझ्या मुशीत किती मंगळसूत्रं गेली असतील याचा हिशोब नाही. मोडायला आलेलं मंगळसूत्र तोडताना मणी बाजूला ठेवायचे आणि वाट्या मुशीत टाकायच्या. सुरुवातीला हात थबकायचा, मग सवय होते. पण साताऱ्याच्या बोर्डिंगातल्या पोरांच्या जेवणासाठी कर्मवीर भाऊराव पाटलांच्या पत्नी लक्ष्मीबाईंनी अंगावरचे दागिने दिले आणि शेवटी मंगळसूत्रही दिलं, ही गोष्ट मी जेव्हा जेव्हा ऐकतो तेव्हा मला ते वजन डोळ्यांसमोर येतं. किती ग्रॅम असेल? कुठल्या सोनाराने मोडलं असेल? भाऊरावांनी 1919 साली कराडजवळच्या काले गावी सुरू केलेली रयत शिक्षण संस्था आज केवढी वाढली ते सगळे जाणतात. विट्याचं बळवंत कॉलेजही तिचंच. ‘कमवा आणि शिका’ म्हणून त्या पोरांनी खूप कष्ट केले, खरं आहे. पण ते कष्ट करायच्या आधी त्यांच्या पोटात भाकरी गेली होती, आणि ती त्या सोन्याची होती.

खाशाबा जाधवांचंही तसंच. कराडजवळच्या गोळेश्वरचा हा पैलवान 1952 साली हेलसिंकीला गेला आणि स्वतंत्र भारताला पहिलं वैयक्तिक ऑलिंपिक पदक घेऊन आला, कांस्य. सगळी भाषणं इथवर येऊन थांबतात. तो गेला कसा, हे कमी वेळा सांगतात. सरकारकडून पुरेसे पैसे मिळेनात. गावाने वर्गणी काढली. कोल्हापूरच्या राजाराम कॉलेजचे प्राचार्य खर्डेकर यांनी आपलं घर गहाण ठेवून सात हजार रुपये दिले. पदक आलं, कराडच्या स्टेशनावरून शंभरावर बैलगाड्यांची मिरवणूक निघाली. मिरवणुकीनंतर खाशाबांनी कुस्त्या भरवल्या आणि त्या पैशातून खर्डेकरांचं घर सोडवलं. मला त्या पदकाइतकंच हे घर सोडवणं मोठं वाटतं. मनगट खाशाबांचं होतं, डाव त्यांचे होते, त्यात कुणाचा वाटा नाही. पण हेलसिंकीचं तिकीट मनगटातून निघत नाही.

पुढची वर्षं भराभर गेली. सगळी चांगली होती असं नाही. आमच्या धंद्यात एक कायमची टांगती तलवार असते. कुणीतरी चोरीचं सोनं आणून विकतो, आपल्याला कळत नाही, आणि महिन्याभराने परराज्यातले पोलीस दारात उभे राहतात. माल जातो, वर चार दिवस कोठडीत. माझ्या बाबतीत एकदाच झालं. त्या रात्री बोळातले आमच्याकडचे सगळे गलाईवाले ठाण्याबाहेर बसून होते आणि एक म्हातारा आसारी माझ्या बाजूने बोलायला आला होता. 2016 ची नोटाबंदी, 2017 चा जीएसटी, 2021 पासूनची सक्तीची हॉलमार्कची खूण, यांनी धंद्याची रीतच पालटली. टंच काढायला यंत्र आलं. दागिना आत ठेवायचा, मिनिटभरात पडद्यावर आकडा. नानांची कसोटी माझ्या कपाटात आहे. यंत्राबद्दल मला राग नाही, ते अचूक आहे आणि खोकत नाही.

दरम्यान गावाकडे जे घडत होतं ते मला दुकानापेक्षा मोठं वाटतं. बळवडीच्या लोकांनी येरळा नदीची वाळू विकून पैसा उभा केला आणि बळीराजा धरण बांधलं. नागनाथअण्णा नायकवडींनी आटपाडीला पाणी परिषदा भरवल्या, वर्षामागून वर्षं माणसं जमत राहिली. कराडजवळ टेंभूला कृष्णेचं पाणी अडवून टप्प्याटप्प्याने उचलायचं आणि सातारा, सांगली, सोलापूरच्या दुष्काळी तालुक्यांत आणायचं, अशी ती टेंभू योजना. आम्ही परगावी बसून हसायचो. पाणी काय डोंगर चढतं होय? चढलं. पहिल्यांदा आमच्या शिवाराजवळच्या ओढ्यात ते आलं त्या दिवशी भावाने फोन करून नुसता आवाज ऐकवला.

मी परतलो. दुकान आता नानांच्या त्याच भाच्याकडे आहे, जो व्याजापोटी माझ्याकडे आला होता. सहा एकरांतल्या दोनांत डाळिंब लावलं. एक बहार चांगला आला, पुढच्यावर तेल्या रोग पडला आणि अर्धी बाग काढावी लागली. आता थोडी द्राक्षं, थोडा भाजीपाला. म्हणजे यशकथेतल्या शेवटच्या पानासारखं हे चित्र नाही. तरी ज्या रानात वडिलांनी कुसळं उपटली तिथे मी मोटर चालू करतो, आणि कृष्णेचं पाणी येतं. सतराव्या वर्षी मी जे मागितलं होतं त्याहून हे जास्त आहे. ते एकट्याच्या मेहनतीने मिळालं असं म्हणायला मात्र माझी जीभ वळत नाही.

म्हणून कॉलेजातल्या मुलांना मी हल्ली दोनच गोष्टी सांगतो. हुन्नर असा शिका की ती तपकिरी पूड बघून घाबरायला होऊ नये. आणि तुमच्या यशाची गोष्ट सांगाल तेव्हा पहिले शंभर ग्रॅम कुणी दिले त्यांचं नाव आधी घ्या.

खरं बोलायचंय ते मात्र आमच्या गलाई बांधवांशी. कोइमतुरात असा, कोलकात्यात असा, तुमच्या पोटमाळ्यावर आज जो सतरा वर्षांचा पोरगा झोपतो, तो पूर्वीसारखा आपल्याच गावचा असेल असं नाही, बंगालचाही असेल, बिहारचाही असेल. त्याच्या नावाने बँकेत खातं काढा आणि पगार दर महिन्याला त्यात टाका. तेजाबाच्या भांड्यावर धूर बाहेर ओढणारा पंखा बसवा, हातमोजे आणि तोंडाला चांगला मास्क द्या, वर्षातून एकदा छातीचा फोटो काढा. यांतलं काहीही तुम्हाला जड नाही. आणि त्याला वजनकाट्याजवळ बसू द्या. पुढच्या दिवाळीला नाही, या दिवाळीला.